मंजुळा-विक्रांत, तिसऱ्या रांगेतून

(अमरावती. रविवारचा दुपारचा प्रयोग नुकताच संपला आहे. नाट्यगृहासमोरची चहाची टपरी.)

खुशालराव : ...अन् थे सहा स्टूल म्हंजे जंगल! प्लॅस्टिकचे स्टूल! वच्छले, मी अंजनगावाहून बशीत उभा राहून आलो थे स्टूल पाह्याले?

वच्छला : उभी मी होती. तुमी बसले होते.

खुशालराव : मुद्दा थो नाई. विक्रांत राजा कायच्यावर आला? बॅटरीच्या स्कूटरवर. मुकुटाच्या जागी हेल्मेट. अन् ऋषीनं शाप काय देल्ला? तर राजाले ग्रुपमधून काढून टाकलं! हा शाप हाय का? आपला नातू शुभम मले महिन्यातून दोनदा काढते.

वच्छला : तुमी रोज सकाळी चाळीस फुलं पाठवता, म्हून काढते.

खुशालराव : अन् थो राजहंस! खऱ्या नाटकात मंजुळेचं पत्र राजहंस नेते. चोचीत धरून. इथं पाठीवर निळी बॅग घेऊन एक पोट्टी आली अन् म्हनते, "ओटीपी सांगा."

वच्छला : थ्या वक्ताले तुमी हासले.

खुशालराव : मले ठसका लागला होता.

वच्छला : हळू बोला. दामिनी येऊन राह्यली इकडे. सख्ख्या भावाची पोरगी हाय तुमच्या. पहिलंच नाटक बसवलं तिनं. चांगलं म्हना.

खुशालराव : खोटं बोलू?

वच्छला : माह्या सैपाकाबद्दल बेचाळीस वर्सं बोलून राह्यले. आनखी एक बार बोला.

दामिनी : मोठेबाबा! तुम्ही इथे बसलेत होय? मी अख्खं नाट्यगृह पालथं घातलं.

खुशालराव : ये बाई, ये. नाटक... म्हंजे... लाइट लय चांगले होते.

दामिनी : लाइट राहू द्या. तिसऱ्या अंकात तुम्ही जे केलं, त्याबद्दल बोलायचंय मला.

खुशालराव : मी काई केलं नाई.

दामिनी : खुर्चीवर उभं राहून तुम्ही राजाचं पद म्हटलं!

खुशालराव : खुर्चीवर नाई. खुर्चीजवळ.

वच्छला : खुर्चीवर. मी पाय धरून होती.

खुशालराव : मंग काय करू? तुहा थो यशोधन मोबाइलमधून मंजुळेचं पत्र वाचून राह्यला होता. वाचता वाचता थांबला. तोंड उघडंच. मी म्हटलं, असंन, हे बी नवीन पद्धतीचं असंन. एक मिनिट थांबलो. दुसरा मिनिट थांबलो. राजा काई बोलेना.

दामिनी : पाठांतर कुठे केलं होतं त्यानं! सगळे शब्द मोबाइलमध्ये टाकून ठेवले होते. अन् नेमका त्याच वेळी त्याच्या मम्मीचा फोन आला.

वच्छला : घरून?

दामिनी : पाचव्या रांगेतून. बेटा उजेडात ये, तोंड दिसून नाही राहिलं म्हणून.

खुशालराव : पाह्य! म्हून मी त्याले हळूच सांगतलं, "चांदणे का आज पोळे." त्याले ऐकूच नाई गेलं. मंग जोरात सांगतलं. जोरात सांगता सांगता थे पदच सुरू झालं. अन् पद असं मंधात सोडता येत नाई, बाई.

वच्छला : दोन्ही कडवे म्हटले. वन्समोअर कोनी मागतला नव्हता, तरी देल्ला.

खुशालराव : माफ कर दामिनी. तुह्या नाटकाची मी पार...

दामिनी : अहो, लोक उठून टाळ्या वाजवत होते! त्यांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. अकोल्याच्या चारुशीलाबाई आल्या होत्या, त्यांची नाट्यसंस्था आहे तिकडे. त्या मला काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणे, स्टूल साधारण, स्कूटर साधारण, पण प्रेक्षकांतला म्हातारा उठून राजाचं पद म्हणतो, ही कल्पना फार मोठी आहे.

वच्छला : कल्पना म्हने!

दामिनी : पुढच्या महिन्यात अकोल्याला प्रयोग करायला बोलावलंय त्यांनी. तुम्ही असाल तरच.

खुशालराव : मी? नाटकात?

दामिनी : सात महिने घातले मी या नाटकात. स्कूटरसाठी बाबांशी भांडले. अन् लोकायले आवडलं काय, तर जे मी बसवलंच नाही थे! मले काय वाटून राह्यलं असंन, सांगा बरं. पण सगळी टोळी म्हणतेय, जाऊ. म्हणून विचारायला आले.

वच्छला : नेऊ नोको ह्याइले. पस्तावशीन.

खुशालराव : काहून?

वच्छला : सांगू का तिले? दामिनी, गावात हेच नाटक होये. ह्याइले पहारेकऱ्याचं काम देल्लं होतं. एकच वाक्य. "महाराज, दूत आला आहे." ह्याइनं थे म्हटलं. मंग महाराजाचं बी म्हटलं. मंग दूताचं बी. दूत आत येन्याच्या आधी निरोप सांगून मोकळे!

खुशालराव : त्याइले उशीर होऊन राह्यला होता.

वच्छला : दुसऱ्या बारीपासून पुस्तक हाती देऊन पडद्यामागं बसवलं. अकरा वर्सं. राजा अडला का हे सांगत. टाळ्या राजाले.

दामिनी : मला कधी कोणी सांगितलं नाही हे.

खुशालराव : सांगन्यासारखं काय हाय त्याच्यात? प्रॉम्टरचा फोटो कोनी काढते का? जाऊ दे. अकोल्याले येतो मी. पन मले एक खरं झाड पाह्यजे.

दामिनी : स्टूलच राहतील.

खुशालराव : कुंडीतलं चालन.

दामिनी : नाही.

खुशालराव : मंग स्कूटरले समोरून घोड्याचं तोंड तरी लाव.

दामिनी : मोठेबाबा! या नाटकात तुम्हाला काही आवडलं तरी का? खरं सांगा. मोठीआईकडे पाहू नका.

खुशालराव : शेवट.

दामिनी : शेवट? सगळ्यात जास्त तोच तर बदललाय मी!

खुशालराव : म्हूनच. जुन्यात राजा मंजुळेले बारा वर्सं जंगलात टाकते, मंग येऊन एक पद म्हनते, का झाली माफी! "केली क्षमा, नाथ." आमच्याकडे मंजुळेचं काम गोपाल करे. थो पठ्ठा हरेक बारीले नेमकं थेच वाक्य विसरे. अन् हरेक बारीले मले वाटे, आज नाई सांगत. पाहू, थे मंजुळा काय करते आता. पन सांगाच लागे. लोक बसले असत समोर. तुह्या नाटकात मंजुळेनं, थ्या स्वरालीनं, बॅग उचलली, म्हने, बडनेऱ्याहून गाडी हाय माही, अन् गेली. राजा तसाच उभा. मले बरं वाटलं.

वच्छला : मले बी.

खुशालराव : तुले काहून बरं वाटलं? तुले कुठं जा लागते?

वच्छला : कुठंच नाई. चहा प्या, थंडा होऊन राह्यला.

दामिनी : मग ठरलं ना, मोठेबाबा? तिसरी रांग, तीच खुर्ची. फक्त वन्समोअर मागितल्याशिवाय द्यायचा नाही.

खुशालराव : ठरलं. पन मंजुळा जाते तवा मी काय म्हनू?

दामिनी : काहीच नाही. तिथे कोणीच काही म्हणत नाही.

खुशालराव : राजा अडला तरी?

दामिनी : अडला तरी.

खुशालराव : बरं. मंग नुसतं पाहीन. अकरा वर्सं मले पडद्यामागून तिची पाठच दिसली.