उरलेला उतार

(जलशुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा. भाऊ इथे पाणी तपासतो. थोरली बहीण डोंगरावरून आली आहे.)

ताई : चहा राहू दे, या विक्रीच्या कागदावर सही दे. साडेचारची गाडी चुकली तर परत जायला काही नाही.

भाऊ : आधी ही बरणी बघ. आज सकाळचं नदीचं पाणी. रंग ओळखतेस?

ताई : आपल्या उताराची माती. तिला न ओळखून कसं चालेल? नखात अजून आहे.

भाऊ : चार वर्षांपूर्वी चिमूटभर तुरटीत पाणी निवळायचं. आता तिप्पट टाकतो, तरी नळाला गढूळच. लोक शिव्या मला घालतात.

ताई : चार वर्षांपूर्वीच वरचा अर्धा तू विकलास. हिशोब बरोबर लागतोय तुझा.

भाऊ : टोमणे मार, पण विकू नकोस. खालचा अर्धाच आता पाणी धरून आहे. तोही सपाट झाला, तर गेल्या वर्षीचा पूर दरवर्षी येईल. माझ्या घरात छातीएवढं पाणी होतं, ताई. पोरीला खांद्यावर घेऊन गच्ची गाठली.

ताई : ते घर वरच्या अर्ध्याच्या पैशातूनच उभं राहिलं ना रे? जमीन दोघांच्या नावावर. मी पाया पडले, झाडं जातील, आबांचे बांध जातील म्हणाले. तू म्हणालास, शहरात डोक्यावर छप्पर नको का? मग दिली मी सही. रडत दिली, पण दिली.

भाऊ : चुकलं माझं.

ताई : तू चुकलास आणि झरा माझा आटला. अख्ख्या शहराला पाणी जातं त्या उतारावरून, आणि मी मार्चपासून टँकरची वाट बघते.

भाऊ : मी साहेबांना लेखी दिलं होतं. डोंगर राखणाऱ्यांना शहरानं दर वर्षी मजुरी द्यावी, बांध दुरुस्त ठेवावेत. तुरटीपेक्षा, पुरापेक्षा स्वस्त पडेल.

ताई : मग?

भाऊ : म्हणाले, डोंगर आपल्या हद्दीत येत नाही. नदीकाठी भिंत मंजूर केली. तुरटीही वाढवून दिली.

ताई : पाणी हद्दीतलं, डोंगर हद्दीबाहेरचा. आणि मी कुठली?

भाऊ : पुन्हा लिहितो. एक वर्ष थांब.

ताई : उतार आपोआप पाणी धरतो असं वाटतं का तुला? दर पावसात बांध फुटतो, दर उन्हाळ्यात मी रचते. आबा दगड बसवताना पाण्याला समजवायचे, टेक गं बाई, कुणाच्या घरी जायची एवढी घाई? मीही तेच म्हणते. पण गुडघे ऐकत नाहीत आता. परवा दगडासकट घसरले, संध्याकाळपर्यंत चरात पडून होते. हाक ऐकायला वर कोण आहे?

भाऊ : हे मला कळवलं नाहीस.

ताई : आता कळलं ना? मग ऐक. कागद फाडते मी, आत्ता, तुझ्यासमोर. उन्हाळ्यात दोन महिने वर ये. दगड मी दाखवीन, तू उचल.

भाऊ : दोन महिने रजा कोण देणार मला?

ताई : आठवड्यातून एक दिवस ये.

भाऊ : ताई, पोरीचं परीक्षेचं वर्ष आहे. हिचीही तब्येत... पुढच्या वर्षी नक्की बघू.

ताई : बरं.

भाऊ : रागावलीस?

ताई : नाही रे. मला वाटलं होतं, आधी हो म्हणशील आणि मग येणार नाहीस. त्यापेक्षा हे बरं. घे पेन.

भाऊ : कुठे करू?

ताई : खाली, खूण केली आहे तिथे. नाव पूर्ण लिही. मधलं आबांचं गाळू नकोस.