बबनभाऊ मागच्या सीटवर बसले तो दिवस

शोभावहिनी, आणि इथे अमडापूरला जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो, जयभीम. नमस्कार.

मला अशा शोकसभेत बोलायची सवय नाही. गोठ्यात मी मोठ्यानं बोलते, पण ते जनावरांशी. तरी बोलते. बबनभाऊंच्या तोंडावर आभार मानले की ते उठून पाना शोधायला जायचे. आज त्यांना ऐकून घ्यावंच लागेल.

मी जनावरांची डॉक्टर. बदली होऊन इकडे आले तेव्हा डोंगराकडच्या वस्त्यांवर जायला धड रस्ता नव्हता. नुसते दगड आणि नाले. म्हणून मी जुन्यातली, डोंगरवाटेवर चालणारी उंच मोटारसायकल घेतली. घेतली आणि पडत राहिले. मागचं चाक दगडावर आपटलं की मी सीटवरून उडायची. ऑफिसात सगळे म्हणाले, मॅडम, विकून टाका.

भाऊंच्या गॅरेजात मी ती विकायलाच नेली होती. त्यांनी गिऱ्हाईक काही शोधलं नाही. म्हणाले, "बसा गाडीवर. औषधाची बॅग घेऊन बसा." वहिनींनी हँडल धरलं. भाऊंनी शिलाईचा टेप काढला आणि मागच्या चाकापासून सीटपर्यंत मोजलं. आधी रिकामी गाडी, मग मी बसल्यावर. गाडी दबलीच नव्हती!

"पयला मालक चांगला धष्टपुष्ट असंन," ते म्हणाले. "स्प्रिंग त्याच्या वजनानं कसेल हाय. तुमच्यानं ते काय दबते? म्हणून फेकून राह्यली तुमाले."

त्यांनी स्प्रिंग सैल केली. पुढच्या चाकाच्या फोर्कवरून फडकं फिरवलं, त्याला तेल लागलं. गळणारं सील बदललं. "जा, खदानीपर्यंत जाऊन या. मंग सांगा." मी आले, म्हटलं, ब्रेक दाबला की पुढून फार वाकते. पुन्हा पाना. पुन्हा "जा." मी आले, म्हटलं, आता बरी आहे. "बरी नाई चालत. चांगली पायजे. जा."

असे होते भाऊ. पण ते स्वतः कधी गाडीवर का बसत नाहीत, हे मला वहिनींनी सांगितलं. तरुणपणी ते चिखलातल्या शर्यती खेळायचे. एका शर्यतीत मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा स्प्रिंगचा दांडा, तुटला, गाडी अंगावर आली, कंबर मोडली. कंबर बरी झाली, भीती राहिली. मग कुठेही जायचं तर पायी, नाहीतर एसटीनं. दुसऱ्याची गाडी मात्र शॉक तपासल्याशिवाय ते सोडायचे नाहीत.

आणि मग तो दिवस. मी गॅरेजात असतानाच वस्तीवरून फोन आला. म्हैस अडलीय, पारडाचा पाय मागे वळलाय. घरी फक्त म्हातारी आणि तिची सून. सून स्वतःच पोटुशी. नाल्याला पाणी, जीप जाणार नाही. ओढायला मला सोबत माणूस हवा होता. आणि गॅरेजात कोण? आम्ही तिघंच.

भाऊ गाडीकडे बघत उभे. वहिनी म्हणाल्या, "जा ना जी. काऊन उभे राह्यले?"

भाऊंनी पाना उचलला. मागची स्प्रिंग दोघांच्या वजनासाठी कसली. मोजायचं तर त्यांना माझ्यामागे बसावंच लागणार होतं. ते बसले. वहिनींनी टेप लावला, आकडा सांगितला. आणि भाऊ खाली उतरलेच नाहीत. म्हणाले, "चाला मॅडम."

माझे खांदे त्यांनी इतके घट्ट धरले होते! नाल्यात पुढचं चाक दगडावर चढलं, दबलं, अलगद उठलं. मागून आवाज आला, "हां. बराबर बसली."

वस्तीवर मी पारडाचा पाय सरळ केला आणि आम्ही दोघांनी ओढलं. पारडू बाहेर आलं, पण निपचित. भाऊ त्याला गवतानं चोळत राहिले, नाक पुसत राहिले. "ऊठ बे. ऊठ." आणि ते शिंकलं. म्हातारी म्हणाली, "जगलं वो माय!" भाऊ सगळ्यांसमोर रडले.

परतताना सपाटीला लागलो तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मले देता का?" मी गाडी दिली. गावात शिरलो तेव्हा गाडी भाऊ चालवत होते. वहिनी, तुम्ही दारात होतात. तुम्ही काय म्हणालात, सांगू का? "हळू जी." एवढंच.

त्यानंतर कितीतरी रविवारी हे दोघं मोटारसायकलवर नांदुऱ्याला लेकीकडे जाताना तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. या शेवटच्या आजारपणात भाऊंनी अंथरूण धरेपर्यंत जात होते. दुःख आहे, फार आहे. पण ते रविवार त्यांना मिळाले, आम्हाला ते बघायला मिळाले.

बबनभाऊ, मी रोज डोंगरातून धडधाकट घरी येते. माझी लेकरं दारात वाट बघतात आणि मी येते. त्यांच्या वतीनं, माझ्या वतीनं, त्या वस्त्यांवरच्या प्रत्येक गोठ्याच्या वतीनं, तुमचे आभार.

आता उठा सगळे. वहिनींना हात द्या. आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नका.