आसुडाखालची बंडी

आम्ही अजिंठ्याकडचे धनगर. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार गेले, मग माझ्या बापानं डोंगराच्या पायथ्याला घर बांधलं आणि तिथंच माझा जन्म, घरात मेंढरं, बाहेर मेंढरं, अंगाला त्यांचाच वास. माझी आई घोंगडीला खळ द्यायची, म्हंजे चिंचोके भाजायचे, दळायचे, त्याची लापशी शिजवून घोंगडीला चोपडायची, वाळली की घोंगडी अशी कडक व्हती की उभी करा, उभी राहील. ते मी बघून बघून शिकले. मग लगीन झालं आणि वाळूजला आले, नवरा कंपनीत. नाव घेते मी त्याचं, संपत, आता कसली लाज. गळा लई गोड, काय सांगू तुम्हाला ताई, गायला लागला की चाळीतल्या बाया भांडी घासायच्या थांबायच्या, आणि त्याच तोंडानं मला शिव्या, हातानं मार. भाजी अळणी झाली मार, खारट झाली मार, काय नाय झालं तरी मार. पाठीतच हाणायचा, पाठ झाकलेली असती ना, लोकांना दिसत नाय.

मी शिलाई शिकले व्हते, म्हणून कंपनीतल्या लोकांनी संगीत नाटक बसवलं तवा मला बोलावलं. स्पर्धेचं नाटक. गोष्ट अशी, की एक देशमुख असतो, त्याच्या रानात एका धनगरणीची मेंढरं शिरतात, आणि तो तिला चावडीपुढं आसुडानं फोडतो, फोडता फोडता गातो. देशमुख आमचा संपत. धनगरीण झाली व्हती रेखा, कंपनीच्या कँटीनात कामाला व्हती, बिचारी लई गुणाची. नाटक बसवणारे सर म्हणाले, वहिनी, कपडे भाड्यानं आणायला पैसा नाय, तुम्हीच काय ते बघा. बघितलं. बँडवाल्याचा टाकून दिलेला लाल कोट आणला, उसवला, त्याला माझ्या लग्नातल्या शालूचे काठ लावले, झाला देशमुख. फेटे जुन्या साड्यांचे. दागिने डब्याच्या पत्र्याचे, टोकं घासून घासून माझी बोटं सोलली. आसूड मात्र खराच आणला, एका गाडीवानाकडून मागून, कारण खोटा करून घ्यायचा तर पैसे पडणार आणि सरांना तर फटक्याचा आवाज पायजे.

मी म्हणलं, सर, पोरीची पाठ फुटंल. मग मीच बापाची जुनी घोंगडी कापली, दुहेरी केली, आईसारखी खळ दिली, उन्हात कडक वाळवली आणि तिची बिनबाह्याची बंडी शिवली, लुगड्याच्या आतून घालायची. तालमीत संपतनं आसूड ओढला, धाडकन आवाज आला आणि रेखा आतून हसली, म्हणली ताई, काहीच लागत नाय. ते ऐकून माझ्या डोक्यात काय आलं म्हणता? तालीम संपली की बंडी वाळवायला नेते म्हणून घरी न्यायची, आणि पोलक्याच्या आत मीच घालायची. खरं सांगते, लगीन झाल्यापासून पहिल्यांदा मी नवऱ्याकडं पाठ करून निवांत भाकरी थापली.

नाटक दुसऱ्या दिवसावर आलं आणि त्यानं काहीतरी खुसपट काढून माझ्या पाठीत बुक्की हाणली. हात त्याचाच सुजला. मग त्यानं पोलकं फाडलं, बंडी बघितली, आणि डोळेच फिरले त्याचे. मला फसवती व्हय गं, म्हणाला, आणि मग पाठ सोडून डोक्यात, तोंडात, पोटात, लाथा घातल्या. बंडीवर रॉकेल ओतून अंगणात पेटवली. लोकर भडकत नाय, धुमसत राहती, मेल्या जनावरासारखा वास सुटतो. चाळीत सगळ्यांना आला असंल तो.

सकाळी मी सरांकडं गेले, ओठ सुजलेला, म्हणलं नवी बंडी व्हायची नाय, खळ वाळायलाच दोन उन्हं लागतात, आसूड काढा नाटकातून. सर म्हणाले, गाणंच त्या फटक्यांवर बसवलंय वहिनी, आणि संपतला म्हणाले, जरा हात आवरून. तर हा म्हणतो कसा, सर, मी काय बायको समजून मारतोय का? सगळे खदाखदा हसले. रेखासुदिक हसली. मी तिच्या पोलक्यात चिंध्या भरल्या, दुसरं काय करणार.

संध्याकाळी नाटक उभं राहिलं. चावडीचा प्रवेश आला, संपतनं सूर लावला, असा सूर की लोकांनी टाळ्या दिल्या, आणि पहिला आसूड पडला. रेखा किंचाळली. लोकांना वाटलं काय काम करती पोरगी! दुसरा पडला. तिसऱ्याला तिच्या खांद्यावर पिवळं लुगडं लाल झालं आणि तिनं विंगेत माझ्याकडं बघितलं. ताई, त्यो रेखाला मारतच नव्हता. मला मारत व्हता, मी हाताला लागत नव्हते म्हणून तिला. मी तशीच गेले, उजेडात, दोघांच्या मधी. त्यानं थांबायला पायजे व्हतं का नाय? नाय थांबला. माझा गाल फाटला, हा बघा, अजून वण हाय. मग मी आसूड हाताला गुंडाळला आणि असा ओढला की देशमुख तोंडावर आला, आणि त्याच्याच आसुडाचा दांडा मी त्याच्या गोड तोंडात घातला, पुन्हा घातला, दात पडला तरी घातला. पेटीवाला वाजवतच राहिला. लोक शिट्ट्या मारत व्हते. कोणीतरी पडदा पाडला.

आत एक परीक्षक आले, चष्मेवाले, मला म्हणाले, कपडेपट तुमचा का? झकास. रक्त तर हुबेहूब, कसला रंग वापरला? माझ्या गालावरनं धार गळत व्हती आणि तो माणूस उत्तराची वाट बघत उभा व्हता.

त्या दिवसापासून मी घरी गेले नाय. रेखाच्या आईनं ठेवून घेतलं, पुढं शहरात क्रांती चौकाच्या मागं शिलाईचं मशीन टाकलं, आजवर शाळांच्या गॅदरिंगपासून लावणीपर्यंत सगळ्यांचे कपडे शिवले. संपतनं दुसरी बायको केली. तिची पाठ कोण बघत असंल, ते मात्र माझ्या मनातनं जात नाय, मी सुटले, ती माझ्या जागेवर गेली. वरच्या मजल्यावर एक नवीन जोडपं आलंय आता, पोराचा आवाज चढला की मी मशीन थांबवते, जिना चढते, कडी वाजवते आणि दारात बसून राहते. म्हणते, चहा ठेव बाई, मला घाई नाय. पोरगा तोंड वाकडं करतो, म्हणतो आजी, तुम्ही खामखा कशाला येता. करू दे वाकडं. गुडघे लई दुखतात ताई, पण जिना अजून चढता येतो. देवानं तेवढं राहू द्यावं.