भरलेली मान

माणसाची भरभराट आधी त्याच्या मानेवर दिसते, असं आम्ही सिएन्फुएगोसचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी सिगार वळणारा बासिलिओ आणि त्याची शिंपीण बहीण ओडालिस येऊन बसेपर्यंत मीही मानत होतो.

"काय म्हणाले डॉक्टर? नीट सांग."

"छातीत गाठ आहे, ताई. डोक्याकडून, हातांकडून रक्त खाली आणणारी मोठी शीर तिनं दाबून धरलीय. रक्त वरच तुंबतं, म्हणून मान नि तोंड सुजतं."

"आणि मी तीनदा तुझ्या कॉलरी सैल केल्या."

"शिवण छान घातलीस पण. कुणाला कळलं नाही."

"मलाही नाही कळलं. गल्लीभर सांगत फिरले, माझ्या हातचा काळा घेवडा याच्या अंगी लागला म्हणून."

"चाळीस वर्षं सिगार ओढतोय मी. घेवड्याला कशाला बोल लावतेस?"

"खुर्चीत बसून झोपायचास, तर म्हटलं, घराला फुकटचा राखणदार मिळाला."

"आडवं झालं की गुदमरायचं."

"मग बोलायचं नाही?"

"तू इतकी खूश होतीस. शिवाय मला जन्मात पहिल्यांदा कुणी गुटगुटीत म्हणत होतं."

"पहिल्या कॉलरीलाच इथं आणायला हवं होतं तुला. टेप माझ्याच हातात होती, बासिलिओ. आता उशीर तर नाही ना झाला?"

"ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. ताई..."

"बोल."

"हे वरचं बटण काढ जरा. बोटंही सुजलीत, मला जमत नाही."