झाडाखाली शांत बसायचं, बास

…आणि वर डॉक्टरबाई म्हणतात, काही करायचं नाही, नुसतं झाडाखाली शांत बसायचं, बास. बास? तुम्हाला सांगते, फ्रिज बंद होताना 'खट्' वाजतं ना, त्याने जिचा जीव खाली-वर होतो, तिला नेऊन उघड्यावर बसवायचं? जिथे वरून कधी काय पडेल याची जबाबदारी कोणी घेत नाही?

झालं असं, की मी एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकते. वॉशिंग मशीनच्या. दिवसभर लोक माझ्यावर खेकसतात आणि मी मधाळ आवाजात म्हणते, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, कृपया लाइनवर राहा." ऐकता ऐकता आधी झोप उडाली, मग छातीत धडधड, आणि एक दिवस फोन वाजला तशी मी थेट टेबलाखाली. साहेब वाकून विचारतायत, "काही सांडलंय का?" काय सांगू, साहेब… मीच सांडलेय.

डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, "ताण आहे. गोळ्या चालू ठेवा, पण रोज सकाळी दवाखान्यामागच्या बागेत या. तुमच्यासारखेच येतात. झाडाखाली शांत बसायचं, बास. झोप लागायला लागली की खुशाल कामावर जा." आता बघा, झोप लागत नाही म्हणून रजा, रजा संपत आली म्हणून झोप लागत नाही, आणि रजा संपली की नोकरीही… जाऊ दे. आईचं वेगळंच. "आमच्या वेळी नव्हता बाई असला ताण," असं म्हणत ती दाराची कडी पुन्हापुन्हा ओढून बघते.

पहिल्या दिवशी एक खार समोर आली. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे, दोघींची धडधड एकसारखी. फरक एवढाच, की तिला झाडावर पळता येतं.

आणि माणसं? एक रक्तदाबवाले हेडमास्तर. आल्या आल्या हजेरी. "बोलू नका, शांत बसा. कोण शांत बसत नाहीये तिकडे?" एक वकीलबाई, त्यांना पित्त. "हे झाड कालपासून माझ्या ताब्यात आहे." एक बस चालवणारे काका, डोळे मिटूनसुद्धा, "सरका, मागे जागा आहे." यातच कोणीतरी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. झालं. "तक्रारी ऐकता? बरं झालं, आमचं मशीन बघा ना, नुसतं थरथरतं…" मशीन संपलं, मेहुणे सुरू झाले. मेहुणे संपले, गुडघे. रोज एकेक जण माझ्या झाडाखाली. शांत बसायचं, बास!

पण काल… काल काय झालं कोण जाणे. वारा होता जरासा, पायांवर ऊन आलेलं, पानांची नुसती सळसळ, हेडमास्तर आणि वकीलबाई सावलीवरून भांडत होते आणि ते भांडण हळूहळू लांब लांब गेलं… आणि मला झोप लागली. कित्येक महिन्यांनी. तोंड उघडं टाकून, चांगली गाढ.

तर कोणीतरी खांदा गदागदा हलवतंय. "ताई, ओ ताई! झोप लागली का?"

आख्खी बाग माझ्याभोवती. हेडमास्तर सगळ्यांना सांगतायत, "लागली हो, आपल्यातल्या एकीला लागली." वकीलबाई म्हणतायत, "पण कशी लागली? आधी जांभई आली का?" काका म्हणतायत, "कुठल्या बाजूला टेकलात?" सगळे एकदम. आणि माझ्या तोंडून, डोळेसुद्धा धड न उघडता, सवयीने निघून गेलं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, कृपया लाइनवर राहा."

आणि राहिले की हो. एकेक जण तिथेच खाली बसला. चिडीचूप. थोड्या वेळाने हेडमास्तर घोरायला लागले. वकीलबाईंची मान काकांच्या खांद्यावर कलंडली. ती खारसुद्धा खाली उतरून निवांत काहीतरी कुरतडत बसली.

आणि मी? मी टक्क जागी. आता इतकी माणसं लाइनवर थांबलीयत म्हटल्यावर… कोणीतरी ड्यूटीवर नको का?