अर्ध्या गुणासाठी उठलेले अच्युतराव

मंडळी, आधी एक विचारतो. उत्तराची घाई करू नका. एखाद्यावर आपली माया आहे, त्याला काहीतरी द्यावंसं वाटतंय — पण ती गोष्टच अशी, की कुणी दिली म्हटलं की तिच्यात काही उरत नाही. मग ती द्यायची कशी?

ऐका. नागपूरचे अच्युतराव सरदेशमुख. बुद्धिबळातले ग्रँडमास्टर. आता आपल्याकडे पदव्या काय, गल्लोगल्ली मिळतात — शाल, श्रीफळ, एक फोटो, की झाला समाजभूषण! हसताय? या मांडवातही दोघेतिघे असतील, जपून हसा. ही पदवी तशी नव्हे. मोठ्या स्पर्धेत, देशोदेशीचे पदवीवाले समोर बसलेले असताना फार वरच्या दर्जाचा खेळ करून दाखवायचा, त्याला म्हणतात नॉर्म. असे तीन नॉर्म. शिवाय मानांकन अडीच हजारांवर न्यायचं. तेव्हा कुठे पदवी. पण एकदा मिळाली की पुढे खेळ उतरला तरी ती आयुष्यभर राहते.

अच्युतरावांचा खेळ उतरलाच होता. साठी उलटलेली. सांगलीच्या स्पर्धेत ते सगळ्यांत खाली होते. त्यात शेवटच्या फेरीच्या सकाळी अंगात ताप भरला. डॉक्टर म्हणाले, "आज पडून राहा." खरं सांगू? त्यांना बरंच वाटलं. हरण्याचा कंटाळा येतो हो माणसाला.

तेवढ्यात हॉटेलच्या खोलीचं दार वाजलं. सांगलीतले भांड्यांचे व्यापारी, बाहुबली आरवाडे. त्यांची मुलगी रेवती दुपारी अच्युतरावांशीच खेळायची होती.

"सर, तुम्ही येणार नाही असं ऐकलं."

"हो. चांगलंच आहे की. तुमच्या मुलीला बसल्या जागी पूर्ण गुण मिळेल."

आरवाडे खुर्चीच्या कडेवर टेकले. "तोच घोटाळा आहे, सर. तिचे दोन नॉर्म झालेत, मानांकनही झालंय. आज बरोबरी होऊन अर्धा गुण मिळाला की तिसरा नॉर्म. पण न खेळलेला डाव नॉर्मला धरत नाहीत."

बघा मंडळी, काय नियम आहे! समोरचा आलाच नाही, तर जिंकूनही हातात काही नाही.

आरवाडे आवाज खाली करून म्हणाले, "तुम्ही फक्त येऊन बसा. दहाबारा चाली झाल्या की बरोबरी मान्य करा. तिला यातलं काही माहीत नाही."

अच्युतरावांनी शाल अंगावर ओढून घेतली. अंग ठणकत होतं. थोडा वेळ बसायचं, हात मिळवायचा, येऊन झोपायचं. पोरीचं भलं होतंय. कुणाचं काय जातंय? पण त्यांच्या मनात आलं, ही पोर उद्या आपल्या नावाआधी ग्रँडमास्टर लावील. आयुष्यभर लावील. आणि तिचे वडील ते ऐकतील तेव्हा त्यांना ही खोली आठवेल.

"येतो मी," ते म्हणाले. "पण खेळायला येतो."

"सर, म्हणजे तुम्ही जिंकायला…"

"जमलं तर जिंकीन."

आरवाडे उठले, नमस्कार न करताच गेले. बापाचं काळीज, रागावणारच!

दुपारी अच्युतराव शाल गुंडाळून पटासमोर बसले. आणि गंमत बघा, तापाचा माणूस, पण कित्येक महिन्यांत खेळला नव्हता असा खेळला. एक प्यादं मिळवलं, मग दुसरं. रेवतीचा राजा कोपऱ्यात कोंडत आणला. तिचे कान लाल झाले होते. एक क्षण अच्युतरावांचा हात घुटमळला. जिंकायची चाल समोर दिसत होती. ती न दिसल्यासारखं करणंही सोपं होतं. कुणाला कळलं असतं? त्यांनी ती चाल खेळली.

रेवती किती वेळ मान खाली घालून बसली! मग तिनं आपला उरलेला एकुलता हत्ती उचलला आणि त्यांच्या राजाला अगदी चिकटून ठेवला. शह! खुशाल मारा.

अच्युतराव पुढे वाकले. हत्ती मारावा, तर तिच्या राजाला शह नाही आणि हलायला घर नाही; प्यादीही अडलेली. तिला खेळायला चालच नाही, म्हणजे नियमानं डाव बरोबरीत. न मारावा, तर हत्ती पुन्हा शह देणार, पुन्हा पाठीस लागणार. त्यांनी सगळ्या वाटा तपासल्या. सुटका नव्हती. हे त्यांना दिसलंच नव्हतं.

त्यांनी हत्ती मारला आणि हात पुढे केला. "तू हे कधी पाहिलंस?"

"तुम्ही मला कोंडलंत तेव्हा," ती म्हणाली. "त्याआधी नव्हतंच, सर."

दारापाशी आरवाडे उभे होते. त्यांनी अच्युतरावांना धरून गाडीपर्यंत नेलं. गाडीत बसवताना वाकून पायांना हात लावला.

आता तुम्ही सांगा. अच्युतरावांनी दिलं की नाही दिलं? आपण काय करतो — पोराचा शाळेचा प्रकल्प रात्री आईबाप करतात आणि बक्षीस पोरगं घेतं. माया म्हणून करतो. आणि पांडुरंग आपली एखादी वाट अडवून उभा राहिला, की देवळात येऊन भांडतो, माझ्यावर तुझी माया नाही म्हणून. घरी जाताना जरा आठवून बघा मंडळी, आजवर तुमच्यासमोर नेटानं कोण कोण बसलं. त्यातल्या कुणाच्या पाया पडायचं राहिलंय?