मढच्या धक्क्यावरचा दिवा

अरे, आमच्या वॉर्ड ऑफिसातली गंमत ऐक. मढच्या धक्क्यावरचा दिवा गेला होता आणि आमचे इंजिनिअर सावंत साहेब म्हणत होते, "खर्चाची मंजुरी पुढच्या बैठकीत." शेवटी कोळीवाड्यातल्या हिराबाई म्हणाल्या, "साहेब, अंधारात बघायला तरी या. माझ्या नवऱ्याची होडी रोज तिथेच लागते."

आम्ही संध्याकाळी गेलो. शेवाळावरून साहेबांचा पाय सटकला, ते थेट पाण्याकडे! हिराबाईंनी कॉलर धरून मागे ओढलं. साहेबांनी धापा टाकतच कंत्राटदाराला फोन लावला, "दिवा आत्ता लाव, मंजुरीचं मी बघतो."

तासाभरात दिवा लागला. हिराबाईंचा नवरा सुखरूप उतरला, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

हिराबाई म्हणाल्या, "साहेब, मच्छीबाजाराचं छप्पर पण गळतंय. बघायला कधी येताय?"

"नको, नको! ते ऑफिसात बसूनच मंजूर करतो."